कावा विकत घ्यायचा आहे: मुळी, भरड, बारीक पूड, झटपट पूड की गोळ्या?

सागरवेल

नमस्कार. मी गेली सहा वर्षे ऑकलंडला राहते. आमच्या शेजारी मूळचे फिजीचे, कादावू बेटावरचे कुटुंब आहे. पुढच्या महिन्यात त्यांनी आम्हा दोघांना घरी बोलावले असून त्या संध्याकाळी 'यांगोना' प्यायला, म्हणजे आपण ज्याला कावा म्हणून ओळखतो तो प्यायला, बसायचे आहे असे त्यांच्या आजोबांनी आवर्जून सांगितले आहे. रिकाम्या हाताने जाणे बरे दिसणार नाही, म्हणून मी दक्षिण ऑकलंडमधल्या एका दुकानात कावा घ्यायला गेले आणि तिथेच गोंधळले. एकाच वस्तूची चार रूपे फळीवर होती: वाळलेल्या मुळ्यांची जुडी, पिशवीतली भरड पूड, मैद्यासारखी बारीक पूड आणि 'पाण्यात ढवळा आणि प्या' असे लिहिलेली झटपट पूड. पाचवे रूप औषधांच्या दुकानात कॅप्सूलच्या बाटलीत दिसले. किमतींत कित्येक पटींचा फरक होता. दुकानदाराला विचारले तेव्हा तो म्हणाला, "सगळे एकच आहे."

मला ते पटले नाही. आम्ही दोघेही मद्य घेत नाही, त्यामुळे आवडल्यास घरी अधूनमधून थोडा करून पाहावा असाही विचार आहे. ज्यांनी ही निरनिराळी रूपे प्रत्यक्ष वापरली आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

शब्दवेल्हाळ

दुकानदार 'सगळे एकच आहे' असे म्हणत असेल, तर तोच खरा गनिमी कावा समजावा.

चहाबाज

काश्मीरमध्ये केशर, दालचिनी आणि बदाम घालून जो करतात, तोच ना हा? तो तर आमच्याकडे पाहुण्यांसाठी नेहमी होतो.

वनस्पतिवेडा

चहाबाज, तो कहवा. त्याचा याच्याशी काहीही संबंध नाही. हा कावा म्हणजे 'पायपर मेथिस्टिकम' या झुडपाचे मूळ. आपली काळी मिरी, पिंपळी आणि विड्याचे पान हीदेखील 'पायपर'च, त्यामुळे नात्याने ही वनस्पती आपल्याला परकी नाही. वाळलेली मुळी हातात घेऊन मोडली तर मिरीचा पुसट वास येतो आणि पेय तोंडात गेल्यावर जीभ बधिर होते. कोकणातल्या मंडळींनी तिरफळ चावून पाहिले असेल, तर ती बधिरता त्यांना ओळखीची वाटेल.

या झुडपाला बीज धरत नाही. माणसाने खोडाचे तुकडे लावत लावत ते एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नेले. म्हणजे आज जेवढ्या जाती आहेत, त्या सगळ्या पिढ्यान्पिढ्या शेतकऱ्यांनी निवडून जपलेल्या आहेत. म्हणूनच 'कावा' एवढाच शब्द पिशवीवर असेल, तर तो 'आंबा' एवढेच लिहिण्यासारखा आहे. हापूस की रायवळ हे कळल्याशिवाय भाव कसा ठरवणार?

सागरवेल यांना माझे सांगणे एवढेच की रूप नंतर पाहावे. आधी तीन गोष्टी विचाराव्यात: जात कोणती, झाडाचा कोणता भाग, आणि झाड किती वर्षांचे असताना उपटले. तीन वर्षांच्या आतले झाड सहसा कच्चे मानतात.

सुवा_ते_सातारा

मी नोकरीनिमित्त चार वर्षे सुवामध्ये होतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. फिजीत १८७९ पासून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, नेलेल्या हिंदी मजुरांच्या वंशजांनीही हे पेय इतके आपलेसे केले आहे की आमच्या कचेरीत संध्याकाळी 'ग्रॉग'चे (तिथे कावाला असेही म्हणतात) भांडे मांडले गेले की त्याभोवती काईविती, म्हणजे मूळचे फिजीवासी, आणि हिंदी दोघेही मांडी घालून बसत. मी पहिल्या आठवड्यात नकार दिला आणि दुसऱ्या आठवड्यात बसलो.

तिथल्या बाजारात पहिला प्रश्न 'भरड की बारीक' असा नसतो. 'वाका की लेवेना' असा असतो. वाका म्हणजे बाजूला पसरलेली बारीक मुळे, आणि लेवेना म्हणजे जमिनीखालचा जाड गड्डा, सोलून तुकडे करून वाळवलेला. वाका अधिक तेज, अधिक कडू आणि अधिक महाग. लेवेना सौम्य असतो आणि बराच वेळ गप्पा मारत बसायचे असेल तेव्हा तोच बरा पडतो. काही विक्रेते दोन्ही मिसळून विकतात आणि त्यात गैर काही नाही, फक्त ते सांगायला हवे. गैर तेव्हा होते, जेव्हा जमिनीवरच्या खोडाची साल त्यात दळली जाते. पूड झाल्यावर ते डोळ्यांना कळत नाही. मुळीची जुडी घेण्याचा मोठा फायदा हाच की जे घेतो आहोत ते दिसते.

आता रूपांविषयी.

जुडी घेतली तर ती कुटावी लागते. सुवामध्ये त्यासाठी लोखंडी उखळ असे आणि दुपारभर त्याचा ठणठणाट ऐकू येई. घरच्या मिक्सरमध्ये ही मुळी घालू नये. मी एक भांडे त्यात गमावले आहे.

भरड पूड हे सर्वांत प्रचलित रूप. ती कापडात बांधायची, थंड किंवा जेमतेम कोमट पाण्यात बुडवायची आणि आठ-दहा मिनिटे चांगली मळायची. चक्का बांधलेले फडके शेवटी आपण जसे पिळतो, तसे ते पिळायचे. पाणी मातकट, गढूळ होते. कढत पाणी घेऊ नये, कारण मुळीत पिष्ट भरपूर असते आणि त्याची खळ होते. एकदा पिळलेल्या चोथ्यातून दुसरे पाणीही काढता येते. ते पातळ असते, पण टाकून देण्यासारखे नसते.

बारीक पुडीत मळणे-गाळणे नाही. ती पाण्यात ढवळून चोथ्यासकट पितात. तिथेच माझी नाराजी आहे, पण ती पुढे कधी तरी.

घाईतला_माणूस

पुढे कधी तरी कशाला, आताच सांगावे. मी गेली दोन वर्षे बारीक पूडच वापरतो. मी रात्रपाळीहून पहाटे घरी येतो, त्या वेळी फडके बांधून दहा मिनिटे मळत बसण्याची माझी शक्ती नसते. दीड चमचा पूड, पेलाभर पाणी, बाटलीत घालून हलवले की झाले. शिवाय मुळीतले जे काही आहे ते सगळेच पोटात जाते, कापडात अडकून वाया जात नाही.

सुवा_ते_सातारा

सगळे पोटात जाते, हीच तर अडचण आहे. गाळण्याची पद्धत काही निव्वळ हौस म्हणून आलेली नाही. मुळीतला काष्ठमय चोथा पोटात गेला की अनेकांना मळमळते, पोट जड होते. आपण चहा गाळून पितो. पत्ती वाया जाते म्हणून कोणी ती चमच्याने खात नाही.

घाईतला_माणूस

चांगल्या बारीक पुडीतले जाड तंतू चाळून काढलेले असतात. माझ्या पोटाने अद्याप तक्रार केलेली नाही. पहिल्या महिन्यात मात्र मी स्वस्तातली आणली होती आणि तेव्हा तक्रार केली होती, हे प्रामाणिकपणे मान्य करतो.

पंक्तिप्रपंच

थोडक्यात, भरड ही पुरणपोळी आणि बारीक ही सांज्याची पोळी. भांडण मिटणार नाही, दोन्ही वाढाव्यात.

नाकामालवासी

मी पोर्ट व्हिलात, वानुआतूमध्ये, दीड वर्ष काढले आहे. वर कोणीही ताज्या मुळीचा उल्लेख केलेला नाही, म्हणून लिहिते. तिथे वाळवलेली पूड क्वचितच पितात. संध्याकाळी नाकामालात, म्हणजे कावा पिण्याच्या जागी, ताजी ओली मुळी यंत्रातून किसून तिचाच रस पाणी घालून गाळतात. करवंटीत दिलेला तो रस कोपऱ्यात उभे राहून एका दमात संपवायचा, तोंड खंगाळायचे आणि शांत बसायचे. दिवे मंद असतात आणि बोलणे कुजबुजण्याइतके. सातारकरांनी वर्णन केलेली गप्पांची बैठक आणि ही बैठक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पेयही तितकेच निराळे: ताज्या मुळीचा रस फार तेज लागतो. ताज्या मुळीत साधारण चार पंचमांश पाणी असल्यामुळे ती टिकत नाही आणि दूरदेशी पोहोचते ती बहुधा वाळूनच. चांगली झटपट पूड मुळात ताज्या मुळीचा रस गाळून, त्यातले पाणी काढून केलेली असते, त्यामुळे तिच्यात चोथा नसतो. पूड बारीक आहे एवढ्यावरून तिला झटपट समजू नये. ही दोन रूपे दुकानदारही सर्रास एकमेकांच्या नावाने विकतात. झटपट महाग असते, पण तिच्या किमतीची तुलना भरडीच्या वजनाशी करणे म्हणजे दूध-भुकटीची तुलना दुधाशी करण्यासारखे आहे.

आता जातीचा मुद्दा, जो वनस्पतिवेडा यांनी मांडला. वानुआतूत रोज प्यायच्या चांगल्या जातींना 'नोबल' म्हणतात. 'टूडे' नावाचा दुसरा गट आहे. त्याचा अंमल, मळमळ आणि सुस्ती दोन दिवस उतरत नाही, म्हणून ते नाव. तो पिकतो भरपूर, म्हणून स्वस्त पडतो. वानुआतूने २००२ साली कायदा करून निर्यातीसाठी नोबल जातीच ठेवल्या. बोरोगू हे त्या जातींतले नावाजलेले नाव, पेंटेकोस्ट बेटाचे. पिशवीवर 'नोबल' हा शब्द, बेटाचे नाव आणि जमल्यास जातीचे नाव असेल, तरच पुढची चौकशी करावी.

शंकेखोर

पिशवीवर 'नोबल' छापायला किती खर्च येतो?

वनस्पतिवेडा

शंका रास्त आहे. प्रयोगशाळेत तपासणी केलेली असेल तर विक्रेता एक क्रमांक देऊ शकतो. या मुळीतल्या गुणकारी द्रव्यांना कावालॅक्टोन म्हणतात. त्यांतली सहा मुख्य आहेत आणि प्रत्येकाला १ ते ६ असा अंक दिलेला आहे. ज्याचे प्रमाण सर्वाधिक त्याचा अंक आधी, असे उतरत्या क्रमाने लिहिले की सहा अंकी ओळख तयार होते. नोबल जातींत ती साधारणपणे ४२ किंवा २४ ने सुरू होते, टूडेत ५२ किंवा २५ ने. ४ म्हणजे कावाइन, मन हलके करणारे आणि लवकर उतरणारे. २ आणि ५ ही अधिक रेंगाळणारी. पूड ॲसिटोनमध्ये भिजवून रंग पाहण्याची एक परीक्षाही आहे: द्रव पिवळा राहिला तर नोबल, नारिंगी-लालसर झाला तर टूडे. अर्थात ती परीक्षा स्वयंपाकघरात करू नये आणि तपासलेली पूड पिऊ नये, हे सांगायला नको.

हिशेबनीस

किमतीची तुलना ग्रॅमवर करू नये, याच्याशी सहमत. मग कशावर करावी? मी समजण्यासाठी काही आकडे धरून चालतो. ते प्रत्येक मालाला बदलतील, कारण वाळलेल्या मुळीत कावालॅक्टोनचे प्रमाण ३ ते २० टक्के इतके कमी-जास्त असू शकते.

समजा, भरड पुडीत ते ८ टक्के आहे. ३० ग्रॅम पूड मळली तर तिच्यात २,४०० मिलिग्रॅम झाले. कापडातून अर्धेच उतरले असे धरू, म्हणजे भांड्यात १,२००. समजा, बारीक पूडही ८ टक्क्यांचीच आहे. तिचे ५ ग्रॅम ढवळून प्यायले तर चोथ्यासकट ४०० मिलिग्रॅम पोटात गेले. आता कॅप्सूल: बाटलीवर मोठ्या अक्षरांत '४०० मिलिग्रॅम' लिहिलेले असते, पण ते अर्काचे वजन असते. बारीक अक्षरांत ३० टक्के असे दिसले, तर प्रत्यक्षात १२० मिलिग्रॅम. प्रत्येक रूपाची किंमत या मिलिग्रॅमने भागली की खरी महागाई दिसते, आणि माझ्या अनुभवात सर्वांत महाग बहुतेक वेळा कॅप्सूलच निघते. ज्या पिशवीवर टक्केवारीच नाही, तिचा हिशेब करता येत नाही, आणि तीच बहुधा सर्वांत आकर्षक दिसते.

खलबत्ता

मी औषधनिर्माणशास्त्र शिकलेली आहे आणि मेलबर्नला औषधांच्या दुकानात काम करते. हिशेबनीस यांचा हिशेब बरोबर आहे, पण तो वाचून कोणी 'भांड्यात १,२०० असते, मग दहा कॅप्सूल घ्याव्यात' असा अर्थ काढू नये. ऑस्ट्रेलियात कॅप्सूलला कमाल १२५ मिलिग्रॅम आणि दिवसाला कमाल २५० मिलिग्रॅम कावालॅक्टोन अशी मर्यादा आहे. पाण्यात मळलेले पेय आणि मद्यार्क किंवा ॲसिटोन वापरून काढलेला अर्क या दोन निराळ्या वस्तू आहेत; पहिलीमागे अनेक शतकांचा वापर आहे, दुसरीमागे काही दशकांचा.

यकृताचा प्रश्नही टाळता येणार नाही. यकृताला इजा झाल्याच्या नोंदींवरून जर्मनीने २००२ साली कावाच्या औषधांचे परवाने रद्द केले. २०१४ साली तिथल्या न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि तरी वाद संपला नाही. त्या नोंदींत बहुतांश अर्काच्या गोळ्या होत्या, काही रुग्ण इतर औषधेही घेत होते, आणि खोडाची साल, चुकीची जात, बुरशी अशी अनेक कारणे सुचवली गेली. कोणतेही एक कारण निर्विवाद ठरलेले नाही. म्हणून ज्यांना यकृताचा विकार आहे, जे झोपेची, नैराश्याची किंवा झटक्यांची औषधे घेतात, ज्या गरोदर आहेत किंवा अंगावर पाजतात, त्यांनी कोणत्याही रूपात घेऊ नये. मद्याबरोबर नको, पिऊन गाडी चालवणे नको. रोज खूप पिणाऱ्यांची त्वचा कोरडी होऊन खवले धरते. पिणे थांबवले की ती पूर्ववत होते.

सागरवेल, तुमच्या आणि आमच्या देशांचे अन्ननियम या बाबतीत एकच आहेत: कावा म्हणून मूळ आणि थंड पाण्यातले पेय यांनाच परवानगी आहे आणि वेष्टनावर 'बेताने प्यावे' व 'झोप येऊ शकते' या सूचना हव्यात. त्या सूचना नसलेली पिशवी मी तरी परत ठेवीन.

घाईतला_माणूस

खलबत्ता ताई, गाडीचा मुद्दा मी स्वतः शिकलो आहे. पहिल्या दोन वेळी काहीच जाणवले नाही, म्हणून तिसऱ्या वेळी पूड वाढवली आणि तासाभराने जिना उतरताना पाय माझे नसल्यासारखे वाटले. डोके मात्र स्वच्छ होते, त्यामुळे अधिकच गंमत वाटली. बायकोला वाटली नाही.

सुवा_ते_सातारा

हे अनेकांचे होते. सुरुवातीला काहीच चढत नाही आणि काही बैठकींनंतर कमी मापातही पुरते, असा या पेयाचा उलटा स्वभाव आहे. म्हणून नवशिक्याने माप वाढवण्याऐवजी दिवस जाऊ द्यावेत. फिजीत करवंटी किती भरायची हे 'भरती' की 'ओहोटी' असे विचारून ठरवतात. सागरवेल यांनी निःसंकोच ओहोटी मागावी.

पंक्तिप्रपंच

आणि फारच आग्रही यजमान असेल तर त्सुनामी येते, असे ऐकून आहे.

अक्षांश_रेखांश

आतापर्यंतची चर्चा वाचली. मला वाटते की आपण दोन प्रश्न एकत्र मळले आहेत. घरी पिण्यासाठी कोणते रूप घ्यावे हा एक, आणि यजमानांकडे काय न्यावे हा दुसरा. पहिल्यात टक्केवारी आणि सोय यांना अर्थ आहे, दुसऱ्यात नाही. फिजीत पाहुण्याने यजमानापुढे यांगोना ठेवण्याच्या रीतीला 'सेवुसेवु' म्हणतात, आणि त्यात मुळ्यांची जुडीच शोभते. गावात जाणारा पाहुणा साधारण अर्धा किलोची जुडी नेतो. आपण लग्नाला जाताना नारळ नेतो, खोबऱ्याचा कीस नेत नाही, तसेच हे आहे. आजोबा कादावूचे असतील तर त्यांना मुळी हातात घेऊन मोडून पाहण्यात जो आनंद होईल, तो कोणत्याही पुडीने होणार नाही.

सुवा_ते_सातारा

अगदी नेमके. मी इतके लिहूनही हे सांगायला विसरलो, याची खंत वाटते. आजकाल शहरांत पूडही चालवून घेतात, पण जुडी ती जुडी. ती हातात न देता त्यांच्यापुढे जमिनीवर ठेवावी आणि दोन शब्द बोलावेत. करवंटी आपल्याकडे आली की एक टाळी, 'बुला' म्हणून एका दमात पेय संपवणे, आणि मग तीन टाळ्या. घोट घोट पिऊ नये. चव पाहता तसे प्यावेसे वाटणारही नाही.

शंकेखोर

जुडी तरी वाकाची आहे की नुसत्या काटक्या, हे कसे ओळखावे?

सुवा_ते_सातारा

मुळी लांब, बारीक आणि तंतुमय असते. तिला खोडासारख्या गाठी नसतात. मोडल्यावर कडक आवाज यावा, वाकली तर ओल आहे. आतून फिकट पिवळट दिसावी आणि बुरशीचा वास मुळीच नसावा. किमतीबद्दलही एक सांगतो: २०१६ च्या फेब्रुवारीत विन्स्टन चक्रीवादळाने फिजीतले मळे झोपवले आणि नवे झाड तयार व्हायला वर्षे लागत असल्यामुळे भाव दीर्घकाळ चढे राहिले. तेव्हा फारच स्वस्त वाका दिसला, तर त्यात दुसरे काय मिसळले आहे असे विचारावे.

सागरवेल

सर्वांचे मनापासून आभार. कार्यक्रम काल झाला, म्हणून वृत्तान्त देते.

त्याच दुकानात पुन्हा गेले आणि जात, भाग, वय हे तीन प्रश्न विचारले. 'सगळे एकच आहे' म्हणणारे गृहस्थ उठून आत गेले आणि आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली वाकाची निराळी जुडी घेऊन आले. ती फळीवर नव्हतीच. आजोबांसमोर ती ठेवली, जमतील तसे दोन शब्द बोलले. त्यांनी एक मुळी मोडली, वास घेतला, दुसऱ्या मुलाच्या हातात दिली, त्यानेही वास घेतला. त्यानंतर फिजी भाषेत बरेच काही बोलणे झाले, ज्यातले मला 'वाका' एवढेच कळले. मी ओहोटी मागितली, ह्यांनी भरती. जीभ तिरफळासारखीच बधिर झाली. गाडीचा प्रश्न नव्हता, कारण घर शेजारीच आहे. तरी हे कुंपणापाशी थोडे थांबले होते.

घरासाठी लेवेनाची पाव किलो भरड घेतली आहे, वेष्टनावर दोन्ही सूचना आणि बेटाचे नाव पाहून. बारीक पूड तूर्त नको असे ठरवले, घाईतले_माणूस यांची क्षमा मागून. आज पहिल्यांदा मळून पाहिला आणि जमला. फक्त एक अडचण आली आहे: मी चक्क्याचेच फडके वापरले, आणि दोनदा धुऊनही त्याचा मातकट वास जात नाही. काय करावे?

खलबत्ता

ते फडके आता कावाचेच झाले. श्रीखंडासाठी नवे आणावे.